जाझच्या तबकड्या : पहिली प्रत आणि नवी आवृत्ति

गेलेल्या गवयाचें गाणें पुन्हा ऐकावयाचें तर दोनच मार्ग असतात : त्याच्या शिष्याकडे जावें, अथवा त्याची तबकडी लावावी. अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाहीं. पण केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्यांवरून त्या गायकीची ओळख आजहि होऊं शकते. गुरूनें शिष्याला समोर बसवून चीज आणि चिजेची वाट दोन्ही द्यावयाची, ही इकडची जुनी चाल तेथें उपयोगीं पडली. अमेरिकेंतील जाझ संगीताचा संसार असा बांधीव नाहीं. त्या संगीताचा प्राण आयत्या वेळीं सुचणाऱ्या वादनांत. आणि आयत्या वेळीं सुचलेलें तें तीन मिनिटांचें वादन पुन्हा हुबेहूब होणें नाहीं. युरोपांतील सिंफनी कागदावर लिहिलेली असते. एका वाद्यवृंदानें ती बिघडविली तरी दुसरा ती नव्यानें वाजवितो. जाझला असा कागद पुरत नाहीं. येथें तबकडी हीच पोथी. ती फुटली, हरवली, किंवा तिचा मूळ साचा वितळविला गेला, कीं तें वादन जगांतून गेलें. म्हणून जाझच्या तबकड्या जमविणें हा नुसता नाद राहिला नाहीं. या संगीताचा इतिहास ज्या थोड्या माणसांनीं वांचविला त्यांत या छंदी मंडळींचा वांटा पुष्कळ वेळां तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांहून मोठा ठरला.

न वांचलेल्याचें एक उदाहरण आधींच द्यावें. न्यू ऑर्लिन्स शहरांतील बडी बोल्डन हा या संगीताचा आद्य पुरुष समजला जातो. त्याचें कॉर्नेट ज्यांनीं ऐकलें त्यांनीं त्याच्या बुलंद आवाजाच्या कथा सांगितल्या. १९०७ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत गेला आणि १९३१ सालीं तेथेंच वारला. मेणाच्या एका नळकांड्यावर त्याचें वादन मुद्रित झालें होतें, असें त्याच्या एका जुन्या सहकाऱ्यानें पुढें सांगितलें. संग्राहकांनीं त्या नळकांड्याचा कसून शोध केला; तें सांपडलें नाहीं. बोल्डन कसा वाजवीत असे याविषयीं आतां केवळ आठवणींच्या आठवणी उरल्या आहेत.

जाझ या नांवानें पहिली तबकडी निघाली ती १९१७ सालीं, आणि ती ओरिजिनल डिक्सीलँड जाझ बँड या गोऱ्या वादकांच्या पथकाची. व्हिक्टर कंपनीनें ती २६ फेब्रुवारी रोजीं न्यूयॉर्कमध्यें मुद्रित केली. ज्या कृष्णवर्णीय वादकांच्या हातून हें संगीत घडलें त्यांच्यांतील किंग ऑलिव्हरच्या नामांकित पथकाला आणखी सहा वर्षें थांबावें लागलें. एप्रिल १९२३ मध्यें तें पथक शिकागोहून इंडियाना संस्थानांतील रिचमंड या गांवीं गेलें. तेथें स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता, आणि पियानोच्या जोडीला ती ‘जेनेट’ या छापाच्या तबकड्या काढीत असे. मुद्रणाची जागा आगगाडीच्या रुळांना लागून. गाडी जाऊं लागली कीं काम थांबवावयाचें. ध्वनिग्राहक यंत्र अद्याप या धंद्यांत आलेलें नव्हतें. वादकांनीं मोठ्या कर्ण्याच्या तोंडासमोर उभें राहून वाजवावयाचें, आणि आवाजाच्या धक्क्यानें हलणाऱ्या सुईनें मेणाच्या जाड थाळीवर रेघ कोरावयाची, असा तो प्रकार. पथकांत दुसरें कॉर्नेट वाजविणारा एकवीस वर्षांचा तरुण होता, त्याचें नांव लुई आर्मस्ट्राँग. त्याचा सूर इतका दांडगा कीं त्याला इतरांच्या पुष्कळ मागें उभें करावें लागलें, असें पथकांतील पियानोवादिका लिल हार्डिन सांगत असे. आर्मस्ट्राँगचीं हींच पहिलीं ध्वनिमुद्रणें.

पुढील गोष्ट समजण्यास तबकडी कशी होते हें थोडें जाणून घेतलें पाहिजे. कोरलेल्या मेणावर धातूचा थर चढवितात. तो सोलून काढला कीं मेणाचा उलटा ठसा मिळतो. त्या ठशावरून धातूचाच सुलटा नमुना करितात. कारखान्यांत त्याला ‘मदर’ म्हणतात. मदरवरून पुन्हा उलटे छापे काढावयाचे, आणि त्या छाप्यांनीं लाखेच्या गरम लगद्यावर तबकडी दाबावयाची. छापे झिजतात, मदर शाबूत असली तर नवे करितां येतात. पहिला ठसा व मदर या दोहोंचें मोल ज्यानें जाणलें तो पन्नास वर्षांनींहि ताजी तबकडी काढूं शकतो. ज्यानें तांबें म्हणून तीं विकलीं त्याच्याजवळ मागें कांहीं राहत नाहीं.

विकणारे निघाले. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदींत तबकड्यांचा धंदा कोसळला. विस्कॉन्सिनमधील एक खुर्च्यांचा कारखानदार ‘पॅरामाउंट’ या छापाच्या तबकड्या काढीत असे. ब्लूज गाणारे आणि जाझ वाजविणारे कितीतरी थोर कलावंत त्याच्याकडे मुद्रित झाले. परंतु लगदा हलका, मुद्रण कच्चें, आणि दृष्टि फर्निचर विकणाराची. धंदा बंद पडल्यावर धातूचे ठसे मोडींत गेले. त्यामुळें पॅरामाउंटच्या पुष्कळ वादनांची आज एकच वाट उरली आहे : कोणाच्या तरी घरीं झिजत राहिलेली एखादी प्रत. ऑलिव्हरच्या जेनेट तबकड्यांपैकीं ‘झुलूज बॉल’ ही जिच्यावर आहे त्या तबकडीच्या जगांत एकदोनच प्रती ठाऊक आहेत. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करण्यासाठीं एकनाथांना १५८४ सालीं निदान निरनिराळ्या पोथ्या तरी समोर ठेवितां आल्या. येथें पाठभेद पाहावयास दुसरी पोथीच नाहीं.

१९३० नंतर कांहीं तरुणांना या हरवत चाललेल्या वादनांचा ध्यास लागला. मोडतोडीच्या दुकानांत, कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील घरोघर फिरून ते जुन्या तबकड्या विकत घेत. न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावर मिल्ट गॅब्लर नांवाच्या गृहस्थाच्या घरचें कमोडोर म्युझिक शॉप हें दुकान होतें. बंद झालेल्या तबकड्यांना गिऱ्हाईक आहे हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें थेट कंपन्यांकडे जाऊन त्यांच्या जुन्या साच्यांवरून आपल्यासाठीं प्रती दाबून घेतल्या. १९३५ सालीं निघालेल्या युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका या संस्थेच्या नांवानें पुढें या पुनर्मुद्रित तबकड्यांची माळच लागली. त्यांच्या कागदी चकतीवर गॅब्लरनें एक नवी गोष्ट छापली : कोणतें वाद्य कोणी वाजविलें याची नांवें. पूर्वींच्या तबकड्यांवर पथकाचें नांव असे, वादकांचीं नसत. मोलानें वाजवून घरीं गेलेल्या माणसांना आपापलीं नांवें परत मिळालीं, तीं अशीं एका दुकानदाराकडून.

नांवें लावणें हें वाटतें तितकें सोपें काम नव्हतें. कंपन्यांच्या वह्या अपुऱ्या, एकच पथक चार छापांवर चार नांवांनीं वाजविणारें. हीं कोडीं कानानें सोडवावीं लागत. वादकांना गांठून विचारावें लागे. पॅरिसमध्यें शार्ल दलोने यानें १९३६ सालीं ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ काढला, आणि तबकड्यांच्या याद्या सिद्ध करण्याचें एक शास्त्रच झालें. इंग्लंडांतील ब्रायन रस्ट याचा ‘जाझ रेकॉर्ड्स’ हा मोठा सूचिग्रंथ १९६१ सालीं निघाला. जाझचा इतिहास लिहिणारे पंडित पुढें या याद्यांच्या खांद्यावर उभे राहिले. त्या करणारे मात्र बहुतेक विश्वविद्यालयाबाहेरचे हौशी लोक होते. आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून वाड्यांतील दप्तरें जमविलीं, त्याच जातीचें हें वेड.

अशा वेड्यांपैकीं एक जॉर्ज अवाकियन. तो येल विश्वविद्यालयांत शिकत असतांनाच कोलंबिया कंपनीनें १९४० सालीं त्याला कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टच्या आपल्या कारखान्यांत पाठविलें. आर्मस्ट्राँगनें १९२५ ते १९२८ या वर्षांत शिकागोंत ओके या कंपनीसाठीं ‘हॉट फाइव्ह’ व ‘हॉट सेव्हन’ या पथकांसह जें वाजविलें तें जाझचें सुवर्ण समजलें जातें. त्या साच्यांची मालकी फिरत फिरत कोलंबियाकडे आली होती. अवाकियननें साठ्यांत शोध घेतला तेव्हां कधींच बाहेर न पडलेलीं आर्मस्ट्राँगचीं मुद्रणेंहि हातीं लागलीं. त्यानें तीं ऐकलीं, निवडलीं, आणि ‘हॉट जाझ क्लासिक्स’ या मालेंत माहितीच्या टिपणांसह प्रसिद्ध केलीं. ‘आल्बम’ हा शब्द आज सर्रास कोणत्याहि ध्वनिमुद्रिकेस लावितात. त्या वेळीं आल्बम म्हणजे खरोखरीच पुठ्ठ्याची वही असे, आणि तिच्या कागदी पाकिटांत चारपांच तबकड्या बसविलेल्या असत. विद्यार्थ्यानें केलेली ही निवड जुन्या जाझच्या पद्धतशीर पुनःप्रकाशनाचा आरंभ ठरली.

किंग ऑलिव्हर मात्र हें पाहावयास राहिला नव्हता. दांत गेल्यामुळें त्याचें वादन सुटलें होतें. जॉर्जियांतील सव्हाना गांवीं एका खेळघरांत झाडलोटीचें काम करीत तो एप्रिल १९३८ मध्यें वारला. त्या काळच्या बहुतेक वादकांना दर तबकडीस ठरीव मोल मिळे आणि हिशेब तेथेंच संपे. पुनर्मुद्रणाच्या इतिहासाची ही बाजू विसरूं नये. ज्यांच्या वादनाची दुसरी, तिसरी, दहावी आवृत्ति निघाली, त्यांच्यापैकीं अनेकांना पहिल्या आवृत्तीच्या मोलाखेरीज कांहीं मिळालें नाहीं.

युद्धकाळीं या संग्रहांवर वेगळेंच संकट आलें, आणि त्याचा धागा हिंदुस्थानांतील रानांपर्यंत पोंचतो. त्या काळच्या तबकडींत लाख घालावी लागे. ती लाख मुख्यतः छोटानागपुराकडील पळस-कुसुंबाच्या झाडांवर किड्यांनीं केलेली, आणि कलकत्त्याच्या बंदरांतून परदेशीं जाणारी. जपानशीं युद्ध जुंपल्यावर समुद्रमार्ग धोक्याचे झाले, आणि लाख युद्धसामग्रीलाहि लागूं लागली. एप्रिल १९४२ मध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं मिळणारी लाख सत्तर टक्क्यांनीं तोडली. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असे दुकानदार सांगूं लागले; जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्या लगद्यांत घालण्याच्या मोहिमा निघाल्या. लोकांनीं देशकार्य म्हणून माळ्यावरच्या तबकड्या काढून दिल्या. त्या ढिगाऱ्यांत कोणत्या दुर्मिळ तबकड्या गेल्या याची यादी कोणी केली नाहीं. त्यांतच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघानें मानधनाच्या वादावरून मुद्रणावर बहिष्कार घातला, आणि मोठ्या कंपन्यांशीं तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत मिटला नाहीं. नव्या पिढीचें ‘बीबॉप’ वादन नेमकें याच दोन वर्षांत आकार घेत होतें. त्याचें बाळपण बहुतांशीं मुद्रणाविनाच गेलें.

२१ जून १९४८ रोजीं कोलंबियानें मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी पुढें आणली. तिला लाख नको. ती विनाइल या कृत्रिम द्रव्याची. एका बाजूवर तीन मिनिटांऐवजीं वीस मिनिटें बसूं लागलीं, आणि जुन्या तीन मिनिटांच्या वादनांना नवें घर मिळालें. बिल ग्राउअर व ऑरिन कीपन्यूज या दोघांनीं १९५३ सालीं ‘रिव्हरसाइड’ ही कंपनी काढली ती मुळांत जेनेट व पॅरामाउंट यांचीं वादनें पुन्हा प्रसिद्ध करण्यासाठींच. थेलोनियस मंक व बिल एव्हान्स यांच्या तबकड्यांमुळें ती पुढें नांवारूपास आली. १९६४ सालीं तिचें दिवाळें निघालें. मग तिचाहि साठा फँटसी कंपनीकडे गेला, आणि १९८० नंतर ‘ओरिजिनल जाझ क्लासिक्स’ या नांवानें जुन्या वेष्टनांसह बाजारांत आला. जुन्यांचा उद्धार करण्यास निघालेली संस्था स्वतःच जुनी होऊन उद्धाराची वाट पाहूं लागली, हा प्रकार मोठा मौजेचा आहे.

पुनर्मुद्रण म्हणजे नेहमींच उद्धार असेंहि नव्हे. १९६० नंतर एकाच्या जागीं दोन कर्ण्यांतून येणाऱ्या स्टीरिओ ध्वनीची आवड वाढली, तेव्हां कंपन्यांनीं जुन्या एकमार्गी मुद्रणांचे उंच व खालचे सूर वेगळे करून दोन बाजूंना टाकले, वर कृत्रिम घुमारा घातला, आणि हें नवें स्टीरिओ म्हणून विकलें. आर्मस्ट्राँग जणूं विहिरींतून वाजवितो असें तें ऐकूं येई. कांहींनीं खरखर घालविण्याच्या नादांत झांजांची झळाळी आणि क्लॅरिनेटचा श्वासहि पुसून टाकला. आणखी एक दोष सूक्ष्म आहे. जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवरच मुद्रित झाल्या असें नाहीं. वेग चुकला तर सूर चढतो अथवा उतरतो, आणि ऐकणाराला वादक भलत्याच पट्टींत वाजवीत आहे असें वाटतें. याच्या उलट टोकाला इंग्लंडांतील जॉन आर. टी. डेव्हिस. हा स्वतः वादक. मूळ कंपनीच्या साच्याहून एखाद्या संग्राहकाकडील उत्तम प्रत पुष्कळ वेळां बरी, हें त्यानें दाखवून दिलें. प्रत मिळवावयाची, तिच्या खांचेला शोभेल अशी सुई निवडावयाची, योग्य पट्टी ठरवावयाची, आणि मग चुंबकी फितीवर उतरविलेल्या आवाजांतील एकेक टिचकी फितीवरील लेप हलक्या हातानें खरवडून काढावयाची. हीं कामें गणकयंत्र येण्यापूर्वींचीं. २००४ सालीं तो वारला. आज बाजारांत असलेलीं १९२० च्या सुमाराचीं कितीतरी वादनें त्याच्या हाताखालून गेलेलीं आहेत.

दीर्घ तबकडीच्या काळांतील संग्राहक मात्र थोडा निराळा झाला. त्याचें आराध्य दैवत ‘ब्लू नोट’. नाझी जर्मनींतून आलेला आल्फ्रेड लायन यानें १९३९ सालीं न्यूयॉर्कमध्यें ही लहानशी कंपनी काढली. पुढें त्याचा बाळमित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. पेशानें चष्मे देणारा रुडी व्हॅन गेल्डर न्यू जर्सींत आईबापांच्या दिवाणखान्यांत रात्रीं त्यांचीं मुद्रणें करी. १९५९ सालीं त्यानें स्वतःची वास्तु बांधली. या तबकडीची पहिली प्रत ओळखण्याचीं गमकें संग्राहक रत्नपारख्याप्रमाणें सांगतात : चकतीवर कंपनीचा पत्ता कोणत्या रस्त्याचा आहे, मधल्या कोऱ्या कडेला व्हॅन गेल्डरचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत कीं नाहींत, दाबणाऱ्या कारखान्याची कानासारखी दिसणारी बारीक खूण आहे कीं नाहीं. ही खूण नसली तर प्रत १९६६ नंतरची समजावयाची, कारण तोंवर कंपनी विकली जाऊन तबकड्या दुसरीकडे दाबल्या जाऊं लागल्या होत्या. या विद्येंत कष्ट आहेत यांत शंका नाहीं. परंतु तबकडी न वाजवितां कपाटांत ठेवून तिच्या कानाच्या खुणेचेंच कौतुक करणारेहि याच वर्गांत सांपडतात, आणि त्यांचा जाझशीं संबंध टपालाच्या तिकिटांइतकाच असतो.

त्याच ब्लू नोटच्या कोठारांतील टीना ब्रुक्सची हकीकत या छंदाचा खरा अर्थ सांगून जाते. ब्रुक्स हा टेनर सॅक्सोफोन वाजविणारा. लायननें १९५८ ते १९६१ या काळांत त्याच्या नेतृत्वाखालीं चार वेळां मुद्रण केलें. त्यांतील जून १९६० चें ‘ट्रू ब्लू’ तेवढें प्रसिद्ध झालें. ‘बॅक टु द ट्रॅक्स’ याला अनुक्रमांक मिळाला, त्याचें वेष्टनहि जाहिरातींत झळकलें, पण तबकडी बाहेर पडली नाहीं. त्यानंतर ब्रुक्सला पुन्हा मुद्रणाचा योग आला नाहीं. ऑगस्ट १९७४ मध्यें तो वयाच्या ४२ व्या वर्षीं वारला. पुढच्याच वर्षीं मायकेल कस्कूना नांवाचा तरुण ब्लू नोटच्या कोठारांत शिरला. अपुऱ्या टिपणांवरून आणि वादकांच्या आठवणींवरून त्यानें शेंकडों अप्रकाशित वादनें ओळखून काढलीं. ब्रुक्सचें पहिलें मुद्रण १९८० सालीं प्रथम निघालें तें जपानांत. आणि १९८५ सालीं, कस्कूना व चार्ली लूरी यांनीं दोन वर्षांपूर्वीं काढलेल्या ‘मोझेइक’ या संस्थेनें त्याचीं सर्व वादनें एका पेटींत आणलीं. मोझेइक ठरावीक प्रतीच काढी, त्या टपालानें विकी, आणि सोबत सविस्तर पुस्तिका देई. ती पेटी ऐकणारांना एक श्रेष्ठ वादक सांपडला. वादक जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं.

पहिली प्रत म्हणजे शुद्ध प्रत, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो जाझमधील बहुधा सर्वांत लोकप्रिय तबकडीनें. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ सालच्या २ मार्च व २२ एप्रिल या दोन दिवशीं न्यूयॉर्कमध्यें कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरील जुन्या देवळांत मुद्रित झाली. २ मार्चला वापरलेलें मुख्य यंत्र किंचित मंद चालत होतें. मंद यंत्रावर घेतलेलें वादन बरोबर गतीनें लावलें कीं सूर चढा येतो. त्यामुळें पहिल्या बाजूचीं तिन्ही वादनें मूळ सुराहून जराशीं चढीं निघालीं. शिवाय आरंभींच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन वादनांचीं नांवेंहि उलटींपालटीं छापली गेलीं होतीं. तबकडी लावून तिच्याबरोबर वाजवितांना आपलें वाद्य जुळत नाहीं हें तरुण वादकांना कळे. दोष आपल्या कानाचा कीं यंत्राचा हें कळत नसे. त्या दिवशीं दुसऱ्या यंत्रावर सुरक्षेसाठीं वेगळी फीत घेतलेली होती, आणि तें यंत्र बरोबर चालत होतें. १९९२ सालच्या आवृत्तींत ती फीत वापरली गेली, आणि ३३ वर्षांनंतर श्रोत्यांना माइल्सनें वाजविलेला सूर मिळाला. ज्या संग्राहकाजवळ १९५९ ची निर्दोष पहिली प्रत आहे त्याच्याजवळ अमूल्य वस्तु आहे खरी. पण स्वर शुद्ध हवा असेल तर त्यानें नंतरची स्वस्त प्रत घ्यावी.

मोठ्या कंपन्यांचीं कोठारेंहि सुरक्षित नसतात. १ जून २००८ रोजीं हॉलीवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारांत आग लागली व तेथील कोठार जळालें. त्यांत ध्वनिमुद्रणाच्या मूळ फितीहि जळाल्या हें जगाला नीटसें कळलें तें २०१९ सालीं, एका वृत्तपत्राच्या शोधामुळें. नेमकें काय व किती गेलें याविषयीं वृत्तपत्र आणि कंपनी यांचे आंकडे जुळत नाहींत. जॉन कोल्ट्रेनचें एक उदाहरण याहून सरळ आहे. ६ मार्च १९६३ रोजीं त्यानें आपल्या पथकासह केलेलें मुद्रण कंपनीनें काढलें नाहीं, आणि मूळ फीत पुढें नाहींशी झाली. पण त्या दिवशींची एक नक्कल कोल्ट्रेननें घरीं नेऊन पत्नी नाइमा हिच्याजवळ दिली होती. ती तिच्या कुटुंबियांनीं जपली, आणि तिच्यावरूनच २०१८ सालीं तें वादन प्रसिद्ध झालें. कंपनीच्या पोलादी कोठारांत जें टिकलें नाहीं तें घरच्या फडताळांत टिकलें.

हक्कांचा कायदाहि या कामांत कधीं साह्य तर कधीं अडथळा करितो. युरोपांत ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वीं पन्नास वर्षांचा होता. २०१३ सालीं तो सत्तरांवर गेला, परंतु १९६२ अखेरपर्यंत निघालेलें जें तोंवर मोकळें झालें होतें तें मोकळेंच राहिलें. त्यामुळें तेथें कोणीहि उठून १९५० च्या दशकांतील जाझ छापूं लागला. त्यांत कांहीं आवृत्त्या कसोशीनें केलेल्या, तर कांहीं दुसऱ्याच्या आवृत्तीवरून सरळ उतरलेल्या. वेष्टनावर मूळ फितीचा उल्लेख नसेल तर ही दुसरी जात समजण्यास हरकत नाहीं. अमेरिकेंत २०१८ च्या कायद्यानें जुन्या मुद्रणांस क्रमाक्रमानें मुक्ति ठरवून दिली. रिचमंड येथील १९२३ सालचीं ऑलिव्हर-आर्मस्ट्राँग मुद्रणें १ जानेवारी २०२४ रोजीं सर्वांचीं झालीं. ‘काइंड ऑफ ब्लू’ला त्याच कायद्यान्वयें २०६७ उजाडावें लागेल.

मुंबई-कलकत्त्याचाहि या इतिहासांत एक लहानसा कोपरा आहे. १९३० नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचीं पथकें येऊन राहत. क्रिकेट स्मिथच्या पथकानें १९३६ सालीं मुंबईंत तबकड्याहि दिल्या. त्यांच्याजवळ बसून गोमंतकीय वादकांनीं जाझ उचललें, आणि त्यांतील चिक चॉकलेट म्हणून ओळखला जाणारा अंतोनियो वाझ पुढें सी. रामचंद्र यांच्या संगीतांत तुतारी फुंकतांना ‘अलबेला’च्या प्रेक्षकांनीं पडद्यावरहि पाहिला. नरेश फर्नांडिस यांचें मुंबईच्या जाझवरील पुस्तक २०१२ सालीं निघालें तेव्हां त्यासोबत त्या काळच्या कांहीं मुद्रणांची चकतीहि दिलेली होती. टेडी वेदरफर्ड या पियानोवादकानें मे १९२६ मध्यें शिकागोंत अर्स्किन टेटच्या वृंदांतून वाजविलें, आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँग आहे. हाच वेदरफर्ड पुढें मुंबईच्या ताजमध्यें व कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत वाजवीत होता. युद्धकाळांत त्यानें कलकत्त्यास कोलंबियासाठीं तबकड्या दिल्या, आणि एप्रिल १९४५ मध्यें पटकीनें तो त्याच शहरीं वारला. त्या तबकड्या हिंदुस्थानांत विकल्या गेल्या, हिंदुस्थानांतील घरांत वाजल्या. चोरबाजारांत किंवा फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांचा गठ्ठा चाळतांना त्याचें नांव दिसलें, तर तबकडी कडेनें धरून उजेडाकडे तिरपी करावी, खांच फार पांढरी पडलेली नसली तर घासाघीस न करितां ती विकत घ्यावी, आणि पोलादी सुईखालीं न लावतां आधीं तिची नक्कल उतरवून ठेवावी.